तुम्ही विचारलंत म्हणून : डायव्हिंगचं सामान केबिन बॅगेत बसतं का?

नुकताच स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटरचा कोर्स संपवून हौसेने स्वतःचं सामान घेतलेली माणसं मला हमखास हे विचारतात. विमानाने जायचंय, तर सगळं केबिन बॅगेत बसेल का? सगळं बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. मी आधी स्वतःला वेगळाच प्रश्न विचारते : मोठी बॅग आलीच नाही, तर यातली कोणती वस्तू दुसऱ्याची वापरायला माझं मन घेणार नाही? ती माझ्याजवळ राहते. बाकीचं खाली, विमानाच्या पोटात.

ही सवय मला एका प्रवासाने लावली. माझी बॅग दोन दिवस मागे राहिली आणि बोट तर दुसऱ्या सकाळी सुटणार होती. बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) भाड्याने मिळालं, ते बरं बसलं. फिन्स चालल्या. वेटसूट खांद्यात थोडा सैल होता, पण निभावलं. मास्कचं मात्र निभेना. माझा चष्म्याचा नंबर उणे साडेचार. माझ्या मास्कला नंबरची काच आहे आणि ती तेव्हा दुसऱ्याच विमानतळावर होती. साध्या काचेच्या मास्कमधून, १८ मीटरवर, हवा किती उरलीय ते बघायला मी प्रेशर गेज अगदी नाकाशी धरत होते. समोरचा प्रवाळ म्हणजे नुसता रंगांचा धब्बा. भाड्याच्या रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणाऱ्या यंत्राच्या) माउथपीसचा एका बाजूचा दातात धरायचा तुकडा चावून चावून तुटलेला, त्यामुळे तो सुटू नये म्हणून पूर्ण डाइव्हभर दातांनी आवळून धरला. संध्याकाळी जेवताना जबडा ठणकत होता.

तेव्हापासून मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) आणि रेग्युलेटर ही तीन माझ्या हातून सुटत नाहीत. एकच न्यायची वेळ आली, तर मी मास्क नेईन. तुमच्या चेहऱ्याला बसलेला मास्क भाड्याने मिळत नाही. तो त्याच्या कडक डबीतच ठेवा. कपड्यांत गुंडाळलेल्या मास्कवर वरचं वजन आलं की सिलिकॉनची कड दुमडते, आणि तिथूनच पाणी आत यायला लागतं. कॉम्प्युटर मी मनगटावरच बांधते. त्यात आधीच्या डाइव्हचा सगळा हिशेब असतो. मधेच दुसरा कॉम्प्युटर लावलात, तर तुमच्या अंगात आधीच साठलेला नायट्रोजन त्याला ठाऊक नसतो.

आता रेग्युलेटर. होज (नळ्या), गेज, ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) सगळं धरून तो दोन-अडीच किलोच्या घरात जातो, आणि भरताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी आधी फर्स्ट स्टेजवरची (सिलिंडरला जोडायच्या धातूच्या भागावरची) डस्ट कॅप उघडून कोरड्या फडक्याने पुसते, मगच घट्ट बसवते. फर्स्ट स्टेजमध्ये गेलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा महाग पडतो. मग होज जसे स्वतःहून वळतात तसेच मोठ्या वेटोळ्यात ठेवायचे. धातूच्या जोडापाशी होज काटकोनात मुडपला, तर तो तिथेच चिरायला लागतो. फर्स्ट स्टेज मधोमध, भोवती रॅशगार्ड गुंडाळलेला. दोन्ही सेकंड स्टेज (तोंडात धरायचे भाग) वर, माउथपीस कशाखाली दाबले जाणार नाहीत असे. आणि हे वेटोळं बॅगेत सगळ्यात वर.

वर का, तर सिक्युरिटीसाठी. एक्स-रेच्या पडद्यावर रेग्युलेटर कसा दिसत असेल याचा विचार करा : जड धातूचा गोळा आणि त्यातून निघालेल्या नळ्या. बॅग उघडायला लावतात, आणि ते बरोबरच आहे. मी आता त्यांनी विचारायच्या आधीच तो काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते. "पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे," म्हणून सेकंड स्टेज तोंडाशी धरून दाखवते. एका तपासनिसाने फर्स्ट स्टेज तळहातावर घेऊन दोनदा उलटासुलटा केला, डस्ट कॅप स्वतःच्या हाताने पुन्हा नीट बसवली आणि मगच परत दिला. फार बरं वाटलं मला.

वजनाचं गणित मात्र निर्दय असतं. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच देतात, काही १० देतात. तिकीट काढतानाच बघून ठेवा. चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे ७ पैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिथेच गेलं. मी किलोभराची मऊ पाठीवरची बॅग घेते. त्यात ही तीन वस्तू, टॉर्च, एक दिवसाचे कपडे आणि पोहण्याचा पोशाख बसतो, वजनातही बसतो.

टॉर्चबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे निष्काळजीपणा धोक्याचा आहे. डायव्हिंगचा जोरदार टॉर्च पाण्यात थंड राहील अशा हिशेबाने बनवलेला असतो. बॅगेत, कपड्यांच्या मधे तो चुकून चालू झाला, तर कापड होरपळेल इतका तापू शकतो. म्हणून बॅटरी काढूनच ठेवायची. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालतच नाहीत, त्या केबिनमध्येच न्यायच्या आणि प्रत्येकीची टोकं झाकलेली हवीत. मी प्रत्येक बॅटरी तिच्या प्लास्टिकच्या डबीत घालते. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. नेहमीच्या १८६५० आकाराच्या बॅटरीचं ३.६ गुणिले ३.४, म्हणजे जेमतेम १२ वॉट-अवर. १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणबंद कवच) किंवा टॉर्च हवाबंद करून नेऊ नका. केबिनमधला दाब कमी असतो, आतली हवा फुगते. ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) काढून ठेवा.

सुरी, लाइन कटर, रीफ हुक, पाने-पकडी हे सगळं खालच्या बॅगेत, धार झाकून. बुडण्यासाठी कमरेला लावायचं शिसं घरीच. सिलिंडर तिथेच मिळतो. पण तिथे सिलिंडरची जोडणी डिन पद्धतीची आहे की योक, एवढं आधी विचारून घ्या आणि लागणारा अडॅप्टर रेग्युलेटरसोबत ठेवा. फिन्स खाली गेल्या तरी मला वाईट वाटत नाही. पायाच्या खोबणीत मोजे भरा, म्हणजे आकार टिकतो.

आणि परतीचं कोणी विचारत नाही! ओल्या वेटसूटचं वजन काट्यावर बघा एकदा. शिवाय डाइव्हनंतर लगेच उडताही येत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या २००२च्या कार्यशाळेतल्या शिफारशींप्रमाणे डीकॉम्प्रेशन (वर येताना घ्यावे लागणारे थांबे) न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर उड्डाणापूर्वी किमान १२ तास थांबायचं, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाले असतील तर १८, आणि डीकॉम्प्रेशन डाइव्हनंतर त्याहून बरंच जास्त. केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे धरायला तेवढी उंची पुरते. मी पूर्ण दिवस ठेवते. त्याच दिवसात सामान वाळतं. सकाळी सगळं गोड्या पाण्यात धुते. सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण तेव्हा दाबायचं नाही, नाहीतर पाणी होजमध्ये शिरतं. बीसीडीतलं पाणी उलटं करून काढते आणि सगळं सावलीत टांगून ठेवते. रात्री कॉम्प्युटरवरचं 'अजून उडू नका' सांगणारं विमानाचं छोटं चिन्ह गेलंय का ते बघते, माउथपीसला बोट लावून कोरडा झालाय ना याची खात्री करते, आणि मग बॅग भरायला बसते.