आमची वाटचाल: कुपवाडचा गाळा आणि कपाटातले कागद

२००४ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, एक वायरमन आणि एक हेल्पर. शेतीपंपांचे स्टार्टर बनवायचो. पुढं तासगाव-कवठेमहांकाळ भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज वाढली, तसं आमचं कंट्रोल पॅनेलचं काम वाढलं. आज चौतीस माणसं आहोत. कुठलं मशीन कधी घेतलं, उलाढाल किती झाली, हे सगळं आमच्या माहितीपत्रकात आहे. इथं माणसं कशी मिळवली ते सांगतो, कारण आम्ही सगळ्यात जास्त माती तिथंच खाल्ली.

सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना तोटा नाही. १९४७ सालचं वालचंद कॉलेज विश्रामबागेत आहे, पण तिथं मोठमोठ्या कंपन्या येतात, आमच्यासारख्या गाळेवाल्याला कोण विचारतो? म्हणून २०१५ साली आम्ही डिप्लोमाच्या एका कॉलेजात पहिली कॅम्पस भरती केली. पडद्यावर चकाचक फॅक्टरीचा फोटो लावला होता. फॅक्टरी आमची नव्हती, नेटवरून घेतलेली. पॅकेज सांगितलं वर्षाला २ लाख ४० हजार. त्यात कंपनीचा पीएफ, बोनस, गणवेश आणि दुपारचा चहासुद्धा धरला होता. पहिल्या पगाराला एक पोरगा पावती हातात घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला. हातात १५ हजार दोनशे पडले होते. "सर, यात काही चुकलंय का?" बेरजेत काही चुकलेलं नव्हतं. म्हणूनच मला त्याच्याकडं बघवेना.

तरी शहाणपण आलं नाही. २०१७ साली दोन मुलं आठ महिन्यांत चाकणला निघून गेली. मी चिडलो. एका जुन्या उद्योजकानं सल्ला दिला, "ओरिजिनल ठेवून घ्या, मग कुठं जातंय बेणं?" मला पटलं. पुढच्या बॅचपासून दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असा बॉन्ड, ५० हजारांचा सही केलेला चेक, आणि दहावी, बारावी, डिप्लोमाच्या मूळ गुणपत्रिका. सगळ्या फायली सांगलीच्या गावभागातल्या माझ्या घरी, तळमजल्यावरच्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात. खालच्या कप्प्यात, कारण वरच्यात जीएसटीचे कागद होते.

जुलै २०१९ च्या शेवटी जत तालुक्यातून एक शेतकरी आले. पोराचं एका सरकारी भरतीत नाव लागलं होतं, कागदपत्रांची पडताळणी होती. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, कागद तेवढं द्या. पोरगं चांगल्या ठिकाणी लागतंय, तुमचं काय असंल ते भरतो." मी चहा पाजला आणि बॉन्डची कलमं वाचून दाखवली. वर म्हणालो, पुढच्या सोमवारी या, बघू. खरं सांगायचं तर द्यायचे नव्हतेच, टाळत होतो.

पुढच्या सोमवारी कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं, आई, गॅसची टाकी असं सगळं वरच्या मजल्यावर नेलं. कपाट आठवलं तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं होतं.

पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार पहारीनं उघडलं. मी कागद नीट जपावेत म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवले होते. त्या पाकिटांनीच पाणी आत धरून ठेवलं होतं. सहा मुलांच्या गुणपत्रिका एकमेकींना चिकटलेल्या, सह्यांची शाई फुटलेली, कडांना नदीचा गाळ. वीज नव्हती, म्हणून गच्चीवर वर्तमानपत्रं अंथरून एकेक कागद सोडवत बसलो. एका दहावीच्या गुणपत्रिकेवर गणितात ९६ एवढंच वाचता येत होतं, नाव गेलं होतं. बायको शेजारी बसून कागद उलटत होती. ती म्हणाली, "ही आपली होती का ठेवायला?" मी काही बोललो नाही.

रस्ता सुरू झाल्यावर कोल्हापूरला विभागीय मंडळात गेलो. दहावी-बारावीच्या दुय्यम प्रती तिथून मिळतात. डिप्लोमाच्या गुणपत्रिकांसाठी तंत्रशिक्षण मंडळाकडे वेगळा अर्ज. प्रतिज्ञापत्रं, फी, हेलपाटे, सगळं मी केलं. जतच्या मुलाची पडताळणी पुरामुळं पुढं ढकलली गेली म्हणून त्याची नोकरी वाचली. त्यात माझं पुण्य काही नाही. त्याच्या वडलांचा फोन आला नाही आणि मलाही करायचा धीर झाला नाही.

नंतर कळलं की कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ सालीच बजावलं होतं. शिकवणाऱ्या कॉलेजाला हक्क नाही, तर मी कोण लागून गेलो?

चेकही परत केले. बॉन्डवर मात्र आमच्या एमआयडीसीच्या ग्रुपवर अजून वाद होतात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बॉन्ड वैध ठरवला, तेव्हा ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. पण ते प्रकरण अधिकारी पदावर घेतलेल्या अनुभवी माणसाचं होतं आणि बँकेला जाहीर भरतीचा मोठा खर्च येतो, हा मुद्दा त्यात होता. आणि करारात रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं भरपाई वाजवीच मागता येते. मी आमच्या एका ट्रेनीचा खर्च एकदा मांडून बघितला. वाया गेलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायचे), कापलेली केबल, मिस्त्रींचा वेळ. पहिल्या तीन महिन्यांत तो आकडा बराच होतो, पण सहाव्या महिन्यात पोरगा तो फेडून वर कमवून देत असतो. मग बांधून कशासाठी ठेवायचं?

दुसरी चूक २०२० ची. फेब्रुवारीत पाच मुलांना ऑफर लेटर दिली, जुलैत जॉइनिंग. मार्चअखेर लॉकडाऊन लागलं, साईट बंद, येणी अडकली. मे महिन्यात मुलांचे फोन यायला लागले. मी उचलले नाहीत. नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणता येत नव्हतं. शेवटी प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडमचा फोन उचलला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे एका मुलाला एकच नोकरी असा नियम आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ही पाच नावं आम्ही यादीतून काढली. नंतर दोन कंपन्या येऊन गेल्या, त्यांना बसता आलं नाही." आमचं पत्र म्हणजे नुसता कागद, हा माझा समज. त्या मुलांनी त्यावर बाकीची दारं लावून घेतली होती. आयआयटीच्या प्लेसमेंट समितीनं २०१६ मध्ये ऑफर मागं घेणाऱ्या ३१ कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं होतं. आमच्या कॉलेजांकडं तेवढा जोर नाही, म्हणून आमचं खपून जातं, एवढाच फरक.

पाचांपैकी तिघांना सप्टेंबरात घेतलं. दोघांना तीन महिन्यांचा पगार दिला आणि दोन ओळखीच्या कारखान्यांत पाठवलं. तेव्हापासून ऑर्डर हातात असेल तेवढीच पत्रं देतो. पूर्वी "संध्याकाळपर्यंत सांगा" म्हणायचो, आता दहा दिवस देतो. पोरगं घरी जाऊन वडलांशी बोलेल, दुसरीकडचा निकाल बघेल, त्याला तेवढी मुभा नको?

आता फळ्यावर पगार दोन ओळींत लिहितो: हातात किती, आणि पीएफला किती. अप्रेंटिस म्हणून घ्यायचं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगतो. तीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला महिना किमान ८ हजार विद्यावेतन ठरवलं. ते देऊन "नोकरी" म्हणणं म्हणजे फसवणूकच. कुठल्यातरी एजन्सीला मुलांकडून नोंदणीचे पैसे घेऊ द्यायचे आणि आपण नामानिराळं राहायचं, हेही बंद. अमेरिकेतल्या कॉलेजं आणि कंपन्यांच्या संघटनेच्या तत्त्वांत तर भरतीच्या वेळी दारू पाजू नये असंही वाचलं. आमच्याकडं चहा आणि भडंग, त्यामुळं त्या कलमात आम्ही आधीच पास.

चाचणीही बदलली. पूर्वी परीक्षेच्या नावाखाली चालू ऑर्डरची ड्रॉइंग मुलांकडून फुकट काढून घ्यायचो. आता एक जुना स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीवर नेणारा, टेबलावर ठेवतो. मेन बंद, कंट्रोलला फक्त चोवीस व्होल्ट, आणि एक वायर मुद्दाम ढिली. गेल्या वर्षी मिरजेची एक मुलगी आली. तिनं स्टार्टरला हातच लावला नाही. बटण दाबायला सांगितलं आणि कान दिला. स्टार ओढला, टायमर संपला, स्टार सुटल्याचा टक् आवाज आला, पुढचा टक् आलाच नाही. "डेल्टा येत नाही. स्टारच्या एनसी इंटरलॉकची वायर बघू का?" म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. स्टार सुटल्याशिवाय डेल्टा ओढू न देणारी जोडणी म्हणजे हा इंटरलॉक. दोन मिनिटं लागली. आमच्या मिस्त्रींनी सवयीनं विचारलंच, "साईटवर जाशील का? आणि लग्नाचं काय?" मी त्यांना तिथंच थांबवलं. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातसुद्धा होतं. मिस्त्री आजही तिच्याशी थोडे फटकून असतात, पण तासगावच्या साईटवर तिलाच पाठवा म्हणतात.

यंदा फेब्रुवारीत तिघांना पत्रं दिली. दोघांनी होकार कळवला. तिसऱ्यानं सहाव्या दिवशी फोन केला, "सर, पुण्यात मिळालंय, इथं नाही येऊ शकत." आवाज घाबरलेला होता. मी म्हणालो, बरं झालं वेळेत सांगितलंस. मग यादीतल्या चौथ्या नावाला फोन लावला. ती जुलैत जॉइन होतेय. येताना गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आण, मूळ प्रती घरीच ठेव, असं तिला सांगितलंय.