रस्सा निर्दोष, नान गुन्हेगार

डायबेटिस निघाल्याचं कळल्यावर कोल्हापूरहून आत्याचा पहिला फोन, "मग आता तांबडा-पांढरा बंद काय रे?" बंद कशाला? इथे बर्मिंगहॅममध्ये दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावल्यापासून तर माझी खात्रीच झालीय, की रश्श्यावर उगाच आळ येतो.

पांढऱ्या रश्श्यात असतं काय? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. स्निग्ध भरपूर, पिष्ट जेमतेम. अशा जेवणानंतर साखर सावकाश चढते, कधी कधी झोपायच्या वेळेला. कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा, त्यात सूट नाही.

खरी गोम असते ती सोबतीला. इथल्या स्पार्कब्रुक भागात 1970 च्या दशकात पाकिस्तानी-काश्मिरी हॉटेलवाल्यांनी 'बाल्टी' नावाची करी रुजवली. पातळ पोलादी कढईत मोठ्या जाळावर शिजवायचं आणि त्याच कढईत चरचरत पुढ्यात ठेवायचं. चिकन, कांदा, सिमला मिरची, वर मेथी. त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पण मागोमाग टेबल नान येतो. बाळाच्या दुपट्याएवढा, मैद्याचा, तूप चोपडलेला. चौघांत एक मागवला तरी बोलता बोलता तोडत राहतो आपण. अशा रात्री माझा आकडा 12 च्या वर जातो. (इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, 18 ने गुणा, म्हणजे 216.) तीच बाल्टी आधी काकडी-कांदा आणि चिकन, मग अर्धी तंदुरी रोटी अशी खाल्ली, की आकडा साडेआठच्या आसपास.

एक मात्र सांभाळा. इथल्या करी हाउसमधला कोर्मा खिरीच्या वाटेवर असतो, टिक्का मसाल्यातही बऱ्याचदा साखर. मी भुना नाहीतर जालफ्रेझी मागवतो.

आपल्या लोकांना बारीक असूनही साखर होते. म्हणून इथले डॉक्टर दक्षिण आशियाई माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 झाला की सावध होतात, गोऱ्यांचा 25 ला. घरी मग ज्वारीची भाकरी. पीठ सहज मिळतं, पण ज्वारी म्हणजे मोकळं रान नव्हे, एकच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भाकरी-भात परस्पर कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

जेवणानंतर शतपावली हवीच. डिसेंबरात इथे चार वाजताच अंधार पडतो, वर पाऊस. मग मी इमारतीचे जिने चढतो-उतरतो. शेजारच्या आजी दार किलकिलं करून विचारतात, लिफ्ट बंद आहे का?