लष्करच्या गच्चीवरून दिसणारा तट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीस की गोठमधल्या आमच्या घराच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो. पापड वाळत घालताना, संक्रांतीला, उकाड्यात गच्चीवर झोपताना, कायम समोर. तरी ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढून तटाच्या कडेकडेने मी पहिल्यांदा चालले ती आता, माघात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पाहुणे आले की आम्ही त्यांना गाडीत बसवतो, उरवाई दरवाज्याकडून वर नेतो, मानमंदिर महाल आणि सासबहूचं देऊळ दाखवतो आणि जेवायच्या वेळेला परत आणतो. या वेळी पुण्याहून भाची आली होती. ती राजगड, तोरणा चढलेली. म्हणाली, "मावशी, गडावर गाडीने जायचं नसतं."

सकाळी सातलाच निघालो. खालचा आलमगिरी दरवाजा १६६० चा. तिथून पुढे फरसबंद चढ एकामागून एक दरवाजे ओलांडत वर जातो, आणि डोक्यावर सतत तट असतो. भाची थांबून थांबून वर बघत होती. "इथे चढणारा माणूस पूर्ण वेळ वरच्यांच्या नजरेत आहे," ती म्हणाली. आमच्या गच्चीवरून हे कधीच कळलं नसतं.

चढावर लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे चतुर्भुजाचं देऊळ आहे. सबंध एका खडकात कोरलेलं, इतकं लहान की गाडीने जाणाऱ्याला ते माहीतही नसतं. आत भिंतीवर इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाला रोज ५० माळा मिळाव्यात म्हणून दिलेल्या फुलबागेची त्यात नोंद आहे, आणि बागेचं माप २७० हात. भाचीने मोबाईलचा उजेड तिरका धरला तेव्हा शून्य दिसलं. बाकीच्या अंकांपेक्षा लहान, जरासं वर उचललेलं, पण आपण आज काढतो तसंच पोकळ गोल. भारतात दगडावर कोरलेल्या जुन्यातल्या जुन्या शून्यांपैकी हे एक. जगभरचे गणिती ते बघायला येतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या पन्नास माळा आल्या. आजी दारच्या तगरीचा एक हार करायची तर तिची सकाळ जायची. इथे रोज पन्नास! पहाटे अंधारात फुलं खुडणारी, ओवणारी किती माणसं असतील, आणि त्यांच्यामुळे हा अंक आपल्यापर्यंत आला.

वर हत्ती पोळ हा दरवाजा, आणि त्याला लागून मानमंदिराची, म्हणजे राजा मानसिंह तोमराच्या महालाची, पूर्वेची भिंत. निळ्या फरश्यांवर पिवळ्या बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, केळीची झाडं आहेत. पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन तो निळा रंग अजून ओला वाटतो. काही फरश्या निखळल्यात, तिथे नुसता चुना उरलाय.

मग तट. सगळीकडून चालता येत नाही, काही भाग शाळेच्या आवारात आहे, काही ढासळलाय. पण सासबहूच्या देवळामागे कठड्याशी उभं राहिलं की किल्ला समजतो. डोंगर लांबोळका, जवळजवळ ३ किलोमीटर, गावापासून शंभरेक मीटर उंच. त्याचे उतार मुद्दाम तासलेत. खाली वाकून पाहिलं तर कडा कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं, ते ओळखू येत नाही. भाची माची शोधत होती, चोरदिंडी शोधत होती. इथली ताकद वेगळी: तासलेला कडा, आणि वर पाणी. सूरजकुंड, राणी ताल, जोहर कुंड, एवढी तळी असल्यावर वेढा घालणारा खाली महिनोन् महिने बसला तरी वरच्यांना तहान नाही.

असा किल्ला ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री गेला, आणि तेव्हा वर महादजी शिंद्यांची माणसं होती. आपली माणसं. इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या शिपायांनी पाऊल वाजू नये म्हणून कापूस भरलेले जोडे घातले होते. आधी सोळा फुटांचा तासलेला कडा, मग चढण, मग तीस फुटांची भिंत, आणि हे सगळं शिड्यांवरून. गस्तीच्या मशाली पुढे सरकल्या आणि तेवढ्या वेळात ते वर आले. हे मी पूर्वी वाचलं होतं. पण कठड्यावर हात ठेवून खाली बघताना पोटात कालवलं. तीस फूट म्हणजे आमच्या तिमजली वाड्याएवढं. इतक्या जवळून कोणी चढतंय आणि मशालवाल्याने मागे वळून पाहिलं नाही.

महादजींनी तो परत मिळवला. १८५८ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये झाशीची राणी इथेच लढताना पडली, फूलबागेतली तिची समाधी आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. आणि १८८६ मध्ये इंग्रजांनी किल्ला शिंद्यांना परत दिला तो झाशीच्या बदल्यात. या अदलाबदलीचा विचार मला अजून शांतपणे करता येत नाही.

कठड्याच्या दगडावर कुणी किल्लीने नावं कोरली आहेत, खाली बाटल्या फेकल्या आहेत. ज्यांच्या गावाचा हा किल्ला, त्यांनीच असं करावं याचं फार वाईट वाटतं. भाचीने हाताला लागल्या तेवढ्या बाटल्या पिशवीत भरल्या. मीही भरल्या.

दक्षिणेकडे धुरकट उन्हात लष्कर पसरलेलं होतं. दौलतरावांच्या फौजेचा तळ पडला आणि उठलाच नाही, म्हणून गावाचं नाव लष्कर. आमच्या पत्त्यातलं गोठ म्हणजे गोट, छावणी, हा शब्दही फौजेचाच. जयविलास महालाचा पांढरा रंग ओळखू आला, बाडा चौक अंदाजाने सापडला, आमची गच्ची काही सापडेना. मी आईला फोन लावला, म्हटलं गच्चीवर ये. ती गुडघे धरत जिने चढली. भाचीने लाल ओढणी दोन्ही हातांनी उंच धरली.

"दिसतोय का गं आई?"

"तट दिसतोय की सगळा," आई म्हणाली. "हलवत रहा, मी बघतेय."