कॉम्प्रेसर टेस्ट रिग, फेरा तिसरा: गळती नव्हतीच

मंडळी, माझा कॉम्प्रेसर मिनिटाला किती लिटर हवा देतो ते टाकी भरायच्या वेळावरून मोजतोय, आणि दोन रविवार ज्या गळतीमागे घालवले ती गळती नव्हतीच. टाकी 7 बारला नेऊन मोटर बंद केली की डिजिटल गेजवरचा आकडा खाली यायला लागायचा, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी जाऊ न देणारा) बदलला, सगळे जॉइंट खोलून परत टेफ्लॉन मारलं, साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा नाही, तरी आकडा 6.62 वर. पण तिथे आला की थांबतो, पुढचे दोन तास हलत नाही! गळती असती तर उतरतच राहिला असता ना. दाबलेली हवा तापलेली असते, ती गार होतेय एवढंच. खोली 26 डिग्री, उलटा हिशोब केला तर बंद करताना आत साधारण 41 होते.

म्हणून आता 7 चा आकडा धरतच नाही. मोटर बंद, स्टॉपवॉच बंद, टाकी खोलीइतकी गार होऊ द्यायची (माझी चाळीसेक मिनिटं घेते) आणि मग स्थिरावलेलं प्रेशर घ्यायचं. आत तापमानाचा सेन्सर घालायची गरजच राहत नाही, आणि टाकीला भोक तर कोणी पाडूच नका, ते प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब धरून ठेवणारं भांडं आहे.

दुसरी चूक वातावरणाच्या दाबाची, कारण लिटर बाहेरच्या दाबाच्या हवेत मोजायचे असतात. मी सरळ 1.013 बार धरत होतो, मग मोबाईलच्या हवामान ॲपमधला आकडा घेतला, तोही समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर वर, त्यामुळे बीएमपी280 (हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर) लावला तर 0.945 आलं. म्हणजे सात टक्के फरक तर इथेच.

टाकीवर 50 लिटर लिहिलंय, बादलीबादलीने पाणी भरून काट्यावर मोजलं, पाइप धरून 52.4 निघाली. भरायला वेळ 190 सेकंद. जुन्या हिशोबाने (50 लिटर, 7 बार, 1.013) मिनिटाला 109 लिटर हवा, नव्याने (52.4, 6.62, 0.945) 116. तीन वेळा केलं, दर वेळी टाकी पूर्ण गार करून आणि पाणी ड्रेन करून, आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले, खूप बरं वाटलं.

हे अर्थात 0 ते 7 चं सरासरी आहे, प्रेशर वाढेल तशी डिलिव्हरी कमी होत जाते. 6 बारला स्थिर ठेवून मोजायचं तर नोझल (ठरावीक मापाच्या भोकाची तोटी) लागेल, सातपूरच्या लेथवाल्या काकांना ड्रॉइंग देऊन आलोय. व्होल्टेजही संध्याकाळी पडतं, आता प्रत्येक टेस्टला तेही लिहून ठेवतोय.