आबांची डोकेदुखी आणि अँबेसेडरचा मॅनिफोल्ड

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याकडची एक अँबेसेडर माझ्या अमळनेरच्या गॅरेजात आली. तक्रार एकच होती, टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, वाजतो. 1972 ची मार्क टू, गिअर स्टिअरिंगला, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. गाडी कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरची. आबांनी हौसेनं घेतलेली, आता मुलगा जपतो. तो आधी दुसरीकडे जाऊन आला होता. एका गॅरेजात टॅपेट नव्यानं सेट केले, फरक शून्य. दुसरीकडे इंजिनाचा धूर सायलेन्सरच्या पाईपात नेणारा मॅनिफोल्ड उतरवून घासून आणला, नवं पॅकिंग टाकलं, वरून सायलेन्सरची पुट्टी थापली. थोडे दिवस गाडी शांत राहिली, मग आवाज पुन्हा सुरू.

"आबा नाही आले सोबत?" मी सहज विचारलं.

"आबा हल्ली गाडीत बसतच नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं. बीपी पाहिलं, चष्म्याचा नंबर पाहिला, काहीच निघत नाही."

"उन्हाळ्यात व्हायचा का हा त्रास?"

तो थांबला. "नाही. दिवाळीनंतरच सुरू झाला."

आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या काचा वर करण्याची सोयच नसते, जीव उकडून निघतो. थंडी पडली की पहाटे निघणारा माणूस चारही काचा बंद करतो. आवाजाची तक्रार तेव्हा माझ्या दृष्टीनं मागे पडली. मी त्याला स्पष्ट सांगितलं, काम होईपर्यंत ही गाडी काचा लावून कोणी चालवायची नाही. डॉक्टरांनाही सांगा, गाडीत धूर शिरत असावा.

एक्झॉस्टच्या धुराला वास येतो, त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत, त्यातही चोक ओढलेला असताना, तो भरपूर तयार होतो. नव्या गाडीत निदान धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, इथे तेही नाही.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. मॅनिफोल्डच्या सांध्यातली धुराची गळतीही टॅपेटसारखीच वाजते, आणि ती थंड इंजिनवरच पकडावी लागते. मॅनिफोल्डचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापलं की फुगतं, फट मिटते आणि आवाज दबतो. सकाळी स्टार्ट केली, टिक-टिक-टिक सुरू झाली. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चार नंबरची काढली तसा आवाज बंद. टॅपेट असता तर वायर काढली तरी तो वाजतच राहिला असता. गॅरेजातल्या पोराला मागे सायलेन्सरच्या तोंडाशी ओला बारदाना धरायला लावला, धुराला पाठीमागून अटकाव झाला आणि चार नंबरपाशी फुसफुस स्पष्ट ऐकू आली. काही जण गळती शोधायला इथे उदबत्ती फिरवतात. या इंजिनला कार्बोरेटर नेमका मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेला असतो, वरून पेट्रोल झिरपण्याची भीती. माझ्या गॅरेजात मी ते कुणाला करू देत नाही.

बॅटरी मारून इंजिनामागचा पत्रा पाहिला. स्टिअरिंगचा कॉलम जिथून केबिनमध्ये जातो, तिथलं रबर कडक होऊन चिरलं होतं. चिरेच्या कडेला बोटभर काजळी. बोट आतल्या बाजूनं फिरवलं, तरी काळं झालं. मुलाला जवळ बोलावून दाखवलं. तो काहीच बोलला नाही, खिशातून फोन काढून घरी लावला.

आता मॅनिफोल्ड. या इंजिनला एक्झॉस्टची तोंडं तीन. एक नंबरचं वेगळं, चार नंबरचं वेगळं, आणि दोन-तीनचं मध्ये एकत्र. मधल्या तोंडातून दोन सिलिंडरचा धूर जातो, म्हणून तिथलं बीड जास्त तापतं आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं मॅनिफोल्ड वाकतो. हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेकचा मॅनिफोल्डही त्याच बाजूला. बऱ्याच ठिकाणी स्टड, म्हणजे इंजिनात बसवलेला आट्यांचा दांडा, दोघांना मिळून एकच असतो, आणि एकच जाड वायसर अर्धा इनटेकच्या कानावर, अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसून दोघांना दाबतो.

नट सोडताना घाई केली नाही. गॅसनं नट लाल केला, थोडा निवू दिला, आट्यांवर मेणबत्ती टेकवली. पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं. तरी टोकाचा एक स्टड तुटलाच. बाहेर राहिलेल्या तुकड्यावर नट वेल्डिंगनं धरला, त्या उष्णतेनंच तो सुटून आला.

वायसर हातात घेतले आणि सगळा उलगडा झाला. प्रत्येकाचा अर्धा भाग घासून चांदीसारखा चकाकत होता, उरलेल्या अर्ध्यावर जुना गंज तसाच. म्हणजे दाब फक्त इनटेकच्या कानावर येत होता, एक्झॉस्टचा कान नुसता अधांतरी. आधीच्या ठिकाणी एकटा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घासला होता. घासल्यानं त्याचे कान पातळ झाले, इनटेकचे होते तेवढेच राहिले. मग नट कितीही आवळा, वायसर तिरका बसणार, स्टडला वाक येणार, पॅकिंग जळणार. त्यात दोन्ही मॅनिफोल्ड मध्ये एकमेकांना बोल्टनं जोडलेले होते, ते बोल्ट घट्ट ठेवूनच गाडीवर चढवलेले. सरळपट्टी लावली तर चार नंबरच्या तोंडाशी फिलर गेजची पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती आरपार गेली, जवळपास 0.38 मिलिमीटर. इंजिनाच्या हेडची बाजू मात्र सपाट निघाली.

सरळ पाईप जोडून नवा मॅनिफोल्ड बनवून द्या, असा सल्ला मुलाला कुणीतरी दिला होता. मी नको म्हणालो, आणि त्यालाही ते नको होतं. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. त्याला तो नंबर घ्यायचा आहे. शिवाय बिडाचा हा मॅनिफोल्ड धडधाकट होता, कुठे चीर नव्हती. चांगली वस्तू भंगारात टाकायला माझा हात धजत नाही.

दोन्ही मॅनिफोल्ड घेऊन धुळ्याला गेलो. मधले बोल्ट ढिले करून दोघांना सपाट प्लेटवर बसवलं, त्याच स्थितीत बोल्ट आवळले आणि जोडीचं एकत्र फेसिंग करून, म्हणजे मशीनवर तोंडं सपाट करून घेतली. मशीनवाल्या नानांना आधी वाटलं, मी उगाच खर्च वाढवतोय. वायसर दाखवल्यावर त्यांनी स्वतःच प्रत्येक कानाची जाडी मोजून खडूनं लिहून ठेवली. त्या मापांवरून नव्या जाड वायसरांना पायरी काढली. इनटेककडची अर्धी बाजू पातळ, एक्झॉस्टकडची पूर्ण जाड. हे काम वेळखाऊ आहे, पण यात कसर केली तर बाकी सगळी मेहनत फुकट.

चढवताना मधले बोल्ट पुन्हा ढिले, नवं पॅकिंग कोरडं, पितळी नट. लोखंडी स्टडला पितळी नट गंजून चिकटत नाही, पुढच्या वेळी खोलणारा सुखानं खोलेल. नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत गेलो. पायरीचा वायसर नटाबरोबर फिरू नये म्हणून पोरानं प्रत्येक वेळी पेचकसानं तो अडवून धरला. सगळं बसल्यावरच मधले बोल्ट घट्ट केले. कॉलमचं रबर बदललं, पेडलांपाशीची भोकंही बुजवली.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी बोलावली होती. थंड इंजिनवर पाना लावला, नट किंचित फिरले. काजळी कुठे नाही, आवाज नाही. आबा पुढच्या सीटवर बसूनच आले होते. "आते डोकं दुखत नही, भाऊ," म्हणाले आणि लगेच खाली वाकून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दाखवू लागले. पाट्यांचं काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर घेतोय.