बादली न हलवता

सांगलीत आमच्या गल्लीच्या मंडळाची वर्गणी मी सलग सात वर्षं गोळा केली. काखेत पावतीपुस्तक, मागे चार पोरं आणि दारात उभं राहून, "काका, गेल्या वर्षी पाचशे एक होते, यंदा हजार एक लिहू ना?" त्यामुळे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मुलांच्या हॉस्पिससाठी, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, रस्त्यावर पैसे जमवायचं ठरलं, तेव्हा हा तर आपल्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं. इथल्या ओळखीतल्या दोघांनी "कसं करायचं असतं?" म्हणून विचारलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

सुरुवात टीव्हीपासून झाली. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री बीबीसीवर 'चिल्ड्रन इन नीड' असतं. १९८० पासून चालू आहे. गाणी, थट्टामस्करी, मधेच एखाद्या मुलाच्या घरची छोटी फिल्म, ती संपता संपता फोन नंबर आणि पडद्यावर चढत जाणारा आकडा. एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं पिवळं अस्वल, पड्झी, ही त्याची खूण. नाव आमच्या शेजारच्या पड्झी गावाचं, कारण १९८५ मध्ये ते अस्वल जिनं काढलं ती बाई तिथली. इकडचे लोक त्या अस्वलाबद्दल घरच्या भाच्यासारखं बोलतात.

मी सोफ्यावरून दहा पौंड पाठवले आणि समाधानाने झोपलो. सोमवारी एका सहकाऱ्याला ते सांगितलं. त्याच्या मुलाचे स्नायू हळूहळू निकामी होत चाललेत. तो म्हणाला, "चांगलं केलंस. ते पैसे देशभरातल्या संस्थांना अनुदान म्हणून जातात. आमच्या हॉस्पिसचा रोजचा गाडा मात्र गावातल्या रस्त्यांवर देणगीसाठी धरलेल्या बादल्यांवर चालतो."

हॉस्पिस म्हणजे शेवटचे दिवस काढायची जागा, एवढंच मला माहीत होतं. त्याचा मुलगा तिथे वर्षातून काही रात्री राहायला जातो आणि परत घरी येतो. रात्री त्याची कूस नर्स बदलते, आणि त्या रात्री आईबाप सलग झोपतात. सहकारी हे इतक्या साधेपणाने बोलला, की मला पुढे काही सुचेना. अशी पहिली जागा १९८२ मध्ये ऑक्सफर्डला निघाली, हेलन हाउस. सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका एका आजारी मुलीच्या आईबापांना आधार देत होत्या, त्यातून ती उभी राहिली. हेलन हे त्या मुलीचंच नाव. अशा जागा घरच्यांकडून पैसे घेत नाहीत, सरकार खर्चाचा थोडाच भाग उचलतं. बाकी सगळं लोकांनी द्यायचं.

पुढच्या वर्षी मी हॉस्पिसच्या निधी विभागाला फोन केला. पहिला धडा: सार्वजनिक रस्त्यावर पैसे मागायला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, परवाना लागतो. त्यासाठी संस्थेचं पत्र, तारीख, जागा आणि किमान महिनाभर आधी अर्ज. मी टीव्हीच्या कार्यक्रमानंतरचा शनिवार मागितला, लोकांच्या मनात विषय ताजा असेल म्हणून. हा हिशोब माझ्याआधी पुष्कळांनी केला होता. तो शनिवार गेलेला, पुढचाही गेलेला. मिळाला डिसेंबरातला, हाडं गोठवणारा. शिवाय अर्जात मी सुपरमार्केटच्या दाराची जागा लिहिली होती. उत्तर आलं, ती खाजगी जमीन आहे, परवानगी दुकानाकडून घ्या. नवी जागा टाकून अर्ज पुन्हा भरला. त्यात तीन आठवडे गेले.

परवान्यासोबत आलेले नियम वाचून माझ्यातला वर्गणीवाला गार पडला. एका जागी उभं राहायचं, कुणाच्या मागे जायचं नाही. दोघांत पंचवीस मीटरचं अंतर. सोळा वर्षांखालचं कुणी नको, म्हणजे माझी मुलगी बाद. सोबत जनावर नको, म्हणजे मित्राचा लॅब्राडोरही बाद. पैसे खरं तर त्यानेच जमवले असते. वर निधी विभागातल्या बाई म्हणाल्या, "बादली हलवू नका हं, लोकांना दडपण येतं."

मागायचं नाही, हलवायचं नाही, हलायचं नाही. मग करायचं काय? उभं राहायचं.

पहिला तास वाईट गेला. वर्गणी मागताना मी देवाच्या नावाने, हक्काने मागायचो. इथे नुसता उभा असताना मात्र हात पसरल्यासारखं वाटत होतं. ओळखीचं कुणी दिसलं की नजर बुटांकडे. मग एक म्हातारे गृहस्थ थांबले, खिशातली सगळी चिल्लर बादलीत रिकामी केली, "आमची नात जायची तिथे," म्हणाले आणि चालू लागले. 'जायची' हा शब्द माझ्या डोक्यात नंतर शिरला. पण त्यानंतर मी मान वर करून उभा राहिलो.

कामाच्या दोन गोष्टी. कार्ड टेकवायचं मशीन संस्थेकडून मागून घ्याच. निम्म्या लोकांच्या खिशात नाणं नसतं. आणि गिफ्ट एडचा फॉर्म भरून दिलेल्या दर पौंडावर सरकार पंचवीस पेन्स घालतं, हे माहीत असतं. पण बादलीत टाकणाऱ्याचं नावच नसतं, तिथे फॉर्म कोण भरणार? त्यासाठी वेगळी योजना आहे. तीस पौंडांपर्यंतच्या छोट्या देणग्यांवर, वर्षाला एकूण आठ हजार पौंडांपर्यंत, पात्र संस्थेला पौंडामागे तेवढेच पंचवीस पेन्स मिळतात. टेकवलेलं कार्डही त्यात धरतात. म्हणून रोख आणि कार्डाचा हिशोब नीट लिहून द्या.

बादल्यांना क्रमांकाचं सील असतं, ते दोघांच्या समोरच फोडायचं. आमचे ४१२ पौंड ३७ पेन्स निघाले, शिवाय एक युरो आणि कोटाचं बटण. महिन्याच्या आत कौन्सिलला हिशोबाचा तक्ता पाठवायचा असतो. तो पाठवला आणि त्याच दिवशी पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरचा अर्जही टाकला.

रात्री आईचा फोन आला. रकमेचं तिला काही वाटलं नाही. "पावत्या दिल्यास ना सगळ्यांना?" म्हणाली.