मार्सेलिस: फ्राय आणि लिपशिट्झच्या मैत्रीमागे एक दिवस

मार्सेलिस म्हटलं की आपल्याला सावरकरांची उडी आठवते. १९१० मध्ये फ्रेंच किनाऱ्यावर पोचलेल्या सावरकरांना तिथून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं. तीस वर्षांनी, १९४० च्या शस्त्रसंधीत, जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासिताला सोपवायचं फ्रान्सने कबूल केलं. त्याच ऑगस्टमध्ये व्हेरियन फ्राय हा अमेरिकन पत्रकार तीन हजार डॉलर आणि वाचवायच्या दोनेकशे कलावंत-लेखकांची यादी घेऊन या गावात उतरला.

मी गेले ते शिल्पकार झाक लिपशिट्झसाठी. हा ज्यू माणूस पॅरिस सोडून तुलूझला आला होता आणि फ्रान्स सोडायला अजिबात तयार नव्हता. फ्रायने त्याचा पिच्छाच पुरवला आणि १९४१ मध्ये त्याला न्यूयॉर्कला धाडलं. आपला जीव फ्रायमुळे वाचला, हे लिपशिट्झ पुढे सांगत राहिला. युद्ध संपल्यावर फ्रायला त्याच्याच देशात फारसं कुणी विचारलं नाही. लिपशिट्झची मैत्री मात्र १९६७ मध्ये फ्राय जाईपर्यंत टिकली. निर्वासितांच्या मदतीसाठी फ्रायने शिळाछापांचा संच काढायचं ठरवलं, तेव्हा लिपशिट्झ आणि चित्रकार शागाल दोघांनीही चित्रं दिली. मला तर ही १९६० च्या दशकातली गोष्ट सुटकेपेक्षा जास्त भिडते.

आता जाणाऱ्यांसाठी. पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. सँ-शार्ल स्टेशनसमोरच्या भव्य जिन्याला १०४ पायऱ्या आहेत. जड बॅग असेल तर सरळ मेट्रो धरा. एस्त्राँजँ-प्रेफेक्त्यूर स्थानकाजवळच ‘प्लास व्हेरियन फ्राय’ हा चौक आहे. समोर अमेरिकेचं वाणिज्य दूतावास आहे, तिकडे कॅमेरा रोखू नका. तिथून ग्रिन्याँ रस्ता पायी गाठता येतो. ६० नंबरला फ्रायची कचेरी होती, दारात माणसांची रांग लागायची. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

त्याच रस्त्यावर काँतिनी संग्रहालय आहे, सोमवारी बंद. फ्राय आणि कवी आंद्रे ब्रतों वगैरे मंडळी ज्या एर-बेल बंगल्यात राहत, तिथे व्हिसाची वाट बघताना चित्रकारांनी खेळायचे नवे पत्ते रंगवले. त्यांची मूळ चित्रं या संग्रहालयाकडे आहेत. ती मांडलेली आहेत का, हे आधी विचारून घ्या. बंगला पाडलाय, त्यासाठी उपनगरात जाऊ नका. तो वेळ एक्स-आँ-प्रोव्हाँस गावाजवळच्या ‘काँ दे मिल’ला द्या: कौलांचा कारखाना, पुढे कैद्यांची छावणी, आता स्मारक. चित्रकार मॅक्स अर्न्स्टला इथेच डांबलं होतं. आत उन्हाळ्यातही गार असतं, अंगावर काहीतरी घेऊन जा.